रोल संपवायचे फोटो

फिल्म कॅमेरा घेऊ का डिजिटल, हा प्रश्न आता कोणी विचारणार नाही असं वाटलं होतं, पण हल्ली विशी-बावीशीतली पोरं पुन्हा तेच विचारून राहिली आहेत. ऑफिसमधली एक ज्युनियर, शेजारच्या काकूंचा मुलगा, मावसभावाची मुलगी. त्यांना कळायला लागेपर्यंत बहुतेक घरांतले रोलवाले कॅमेरे कपाटात गेले होते, त्यामुळे त्यांना रोलवरचे फोटो इन्स्टावरच भेटतात, दाणेदार, जरा पिवळट, छान दिसतात, आणि मग विचारतात की दादा, रोजच्या फोटोंसाठी फिल्म कशी राहील? मी दर वेळी मनापासून उत्तर देतो आणि दर वेळी ते लांबतं, कारण माझं उत्तर मेगापिक्सेलपासून सुरू होत नाही, ते सुरू होतं रोलच्या शेवटी उरलेल्या दोन-तीन फोटोंपासून. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच काढतो.

ज्यांचं लहानपण नव्वदीत गेलं त्यांना आठवत असेल, काही निमित्त असल्याशिवाय घरात रोल यायचाच नाही. वाढदिवस, मुंज, तान्हा पोळा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून आम्ही पोरं घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला निघायचो तेव्हा दारातच सगळ्यांना ओळीत उभं करून एक फोटो, फार तर दोन. बाबा मोजून काढायचे. समारंभ आटपला की कॅमेऱ्याच्या वरच्या छोट्या खिडकीत आकडा दिसायचा ३२ नाहीतर ३३. आता अर्धवट रोल धुवायला द्यायचा तं पैसे वाया, आणि तसाच ठेवायचा तं पुढचं निमित्त दिवाळीत, तोवर सगळ्यांना फोटो बघायची घाई सुटलेली. मग काका म्हणायचे, "तीन उरले हायेत ना, संपवून टाक ना बे, संध्याकाळी बर्डीवर जाऊन देऊन येतो रोल." बर्डी म्हणजे आमच्या नागपूरचा सीताबर्डीचा बाजार.

आणि ते तीन फोटो मग कशाचेही निघायचे. अंगणातली स्कूटर. पायरीवर बसून गहू निवडणारी आजी. शेजारचे काकाजी फाटकाशी पेपर वाचताना. कशाचं काही नसलं तर सरळ खिडकी.

आमच्याकडे मे महिन्यातल्या एका मुंजीचा रोल आहे. त्याच्यातले पहिले तीसेक फोटो तुमच्याही घरी असतील तसेच आहेत, बटू, मामा, अक्षता, पंगत, फ्लॅशने डोळे लाल झालेले पाहुणे. शेवटून दुसरी फ्रेम मात्र आईची आहे, रोजच्या साडीत, बादलीने कूलरमध्ये पाणी टाकताना. कूलरची खस एका बाजूने काळी पडलेली दिसते, मागे भिंतीवर कालनिर्णय, खाली पाण्याचा पितळी गुंड, आणि आईच्या चेहऱ्यावर हे काय फोटो काढायचं आहे का असा भाव. त्या घराचा दुपारचा फोटो म्हणून आमच्याकडे हा एवढा एकच आहे. ते घर आता नाही, तसला लोखंडी कूलर नाही, तो भिंतीचा हिरवा रंग तर आता दुकानातही मिळत नसेल. मुंजीचे फोटो आम्ही बघतो आणि पान उलटतो. या फोटोपाशी सगळे थांबतात, आई स्वतः सुद्धा, आणि मग त्या गुंडाचं पुढे काय झालं यावर चर्चा सुरू होते.

म्हणजे बघा, ज्याला आपण आज एव्हरीडे फोटोग्राफी म्हणतो ती आपल्या घरांमध्ये होती, पण ती रोलची उरलीसुरली बाकी म्हणून होती. कोणी ठरवून केली नाही. आणि ती टिकली याचं कारणही कोणाची दूरदृष्टी वगैरे नव्हतं, निगेटिव्हची पट्टी चार-सहा फ्रेमची कापलेली असते, त्यातली मधलीच एक फ्रेम कोणी काढून फेकत नाही. चांगला फोटो राहिला की त्याच्या शेजारचा फालतू फोटोही राहिला.

माझ्या डोक्यात फिल्म आणि डिजिटलचा फरक इथे येऊन बसला आहे. फिल्ममध्ये निवड आधी करावी लागते, बटण दाबायच्या आधी, आणि एकदा दाबलं की सगळं राहतं. डिजिटलमध्ये दाबायच्या वेळी काहीच निवडायचं नसतं, निवड नंतर, आणि ती नंतरची निवड आपण एकतर त्याच मिनिटाला करतो, मागच्या स्क्रीनवर बघून, डोळे मिटलेत डिलीट, हललाय डिलीट, आई कूलर भरते आहे हे काय आहे डिलीट, नाहीतर मग कधीच करत नाही आणि फोनमध्ये हजारो फोटो पडून राहतात ज्यात तो एक सापडत नाही. दोन्हीकडे नुकसान त्याच फोटोचं होतं.

गंमत म्हणजे पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या डोक्यातही रोलच होता. १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने तो बनवला, साडेतीन किलोच्या वर वजन, ०.०१ मेगापिक्सेल, ब्लॅक अँड व्हाइट, एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. एका कॅसेटवर ३० फोटो असा हिशोब त्याने ठेवला, कारण रोल २४ चा किंवा ३६ चा येतो, म्हणून मधला आकडा. हा तपशील मला फार आवडतो. माणसाच्या हातून एका वेळी साधारण किती फोटो निघावेत याचा एक अंदाज तोवर सगळ्यांच्या अंगात मुरला होता, आणि मेमरी कार्डं स्वस्त झाली तसा तो अंदाजच सुटला.

आणि त्याच वेळी बघून लगेच ठरवणं यावर गॅरी विनोग्रँडचं उदाहरण सांगतो. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्यभर फोटो काढलेला माणूस. काढलेले रोल तो मुद्दाम वर्ष वर्ष धुवायचा नाही, काढतानाचा मूड पूर्ण विसरला पाहिजे, म्हणजे मग फोटोकडे फोटो म्हणून बघता येतं असं त्याचं म्हणणं होतं. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा काढलेले पण न धुतलेले अडीच हजारांच्या आसपास रोल मागे राहिले. इतकं टोकाला कोणी जाऊ नये, पण मुद्दा मला पटतो. आजचा फोटो चांगला की वाईट हे आज ठरवायची आपली तयारीच नसते. आपण आज जे बघतो ते म्हणजे स्वतःचं पोट, केस, डोळे. वीस वर्षांनी आपण भिंत बघतो.

आता लूकबद्दल. फक्त त्या रंगांसाठी फिल्म घेणार असाल तर मी सरळ नको म्हणतो. रंगीत निगेटिव्ह स्वतः नारिंगी असते, उजेडाविरुद्ध धरून बघा, त्यावर माणसं भुतासारखी दिसतात. तिचे खरे रंग हे स्कॅनर आणि स्कॅनर चालवणारा मिळून ठरवतात, एकच पट्टी दोन लॅबमध्ये द्या, त्यातली संध्याकाळ दोन वेगळ्या रंगांत परत येईल. म्हणजे ज्याला तुम्ही फिल्मचा लूक म्हणून राहिले आहात त्याचा मोठा भाग लॅबच्या मशीनचा आहे. आणि ते रंग आता फुजीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्म सिम्युलेशन म्हणून आतच येतात, चांगले येतात, दाणेसुद्धा टाकता येतात. तेवढ्यासाठी फ्रिजमध्ये रोल ठेवायची गरज नाही.

फिल्मचं एक मात्र खरं आहे आणि ते आपल्या नागपूरच्या उन्हाशी जोडलेलं आहे. आपलं ऊन कडक असतं हे सगळे तापमानाच्या हिशोबाने बोलतात, फोटोवाल्यासाठी ते दुसऱ्या अर्थाने कडक असतं, उजेड आणि सावली यांच्यात मधलं काही राहतच नाही. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटाचा फोटो एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता डिजिटलवर काढून बघा, जरा एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, वर गेलं की घुमटाच्या उन्हाकडच्या बाजूला काही उरत नाही, नुसता कागद. आणि डिजिटलमध्ये जे पांढरं फट्ट झालं ते गेलं, कितीही स्लायडर ओढा. निगेटिव्ह फिल्म उलटी आहे, तिला दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त उजेड दिला तरी ती सांभाळून घेते, पण सावलीत कमी दिला तर तिथे काही नोंदवतच नाही. त्यामुळे दोन्हीच्या सवयी उलट्या लागतात. फिल्मवर सावलीला बघून मोजायचं, डिजिटलवर उन्हातल्या पांढऱ्याला बघून मोजायचं आणि अंधार नंतर उचलायचा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत, जिथे हजारो लोक पांढऱ्या कपड्यांत असतात, तिथे हा फरक पुस्तकात वाचावा लागत नाही, पहिल्या दहा फोटोंत कळतो.

आणि उन्हासाठी जो जुना नियम आहे, सनी सिक्स्टीन, तो आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने लागू पडतो. लख्ख ऊन असेल तर अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ (आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि शटर उघडं राहायचा वेळ म्हणजे एक भागिले फिल्मचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची तिची क्षमता, म्हणजे २०० चा रोल असेल तर सेकंदाचा दोनशेवा भाग, कॅमेऱ्यावर २५० असतं ते चालतं. उजेड मोजायचा मीटर नसलेला कॅमेराही त्यावर चालवता येतो. पण याचीच दुसरी बाजू आहे. माझ्याकडे पेंटॅक्स के१००० आहे, १९७६ पासून वीस-एकवीस वर्षं बनत राहिलेला, पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी फक्त मीटरच्या काट्याला. त्याचं सगळ्यात वेगवान शटर एक हजारांश. ४०० चा रोल टाकून दुपारी बर्डीवर निघालात तर एफ ११ च्या खाली जायला जागाच नाही, मागची गर्दी ब्लर करून चेहरा उठवायचा विचार सोडून द्यायचा. आणि तोच रोल घेऊन संध्याकाळी महाल भागातल्या एखाद्या अरुंद दुकानात शिरलात तर तिथे उजेड कमी, म्हातारे दुकानदार ट्यूबलाइटखाली बसलेले, आणि दिवसाच्या उजेडासाठी बनलेली फिल्म ट्यूबलाइटखाली हिरवट होते. रोल मधेच बदलता येत नाही. डिजिटलमध्ये प्रत्येक फोटोला आयएसओ वेगळा, व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंगांचा तोल) वेगळा, एकाच फेरीत फुटाळा तलावावरचं ऊन आणि इतवारीतलं गोदाम दोन्ही होतं. रोजच्या फोटोंना रोजचा उजेड असतो आणि तो ठरवून येत नाही, म्हणून इथे डिजिटल स्पष्टपणे पुढे आहे, यात मला काही वाद दिसत नाही.

उष्णतेचं बोलायचं राहिलं. मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा गेलेला असताना उन्हातल्या गाडीच्या डिक्कीत रोल ठेवला तर रंग सरकतात, फिल्मवर धुकं चढतं. रोल फ्रिजमध्ये ठेवायचे, डबीचं झाकण घट्ट लावून, आणि वापरायच्या दीड-दोन तास आधी बाहेर काढून तसेच बंद राहू द्यायचे, नाहीतर थंड फिल्मवर दमट हवेचं पाणी धरतं. घरी ब्लॅक अँड व्हाइट धुवायचा शौक असेल तर अजून एक अडचण. डेव्हलपरचे, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनाचे, सगळे तक्ते २० अंश सेल्सिअसचा हिशोब धरून दिलेले असतात आणि आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. परातीत बर्फाचं पाणी करून त्यात डेव्हलपरची बाटली ठेवावी लागते, थर्मामीटर घालून बसावं लागतं. तापमान वाढलं की वेळ कमी करता येतो, पण वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की निगेटिव्हवर पट्टे पडायची भीती. रंगीत फिल्मची सी-४१ प्रोसेस मात्र ३७.८ अंशांवर चालते, सव्वातीन मिनिटं डेव्हलपर, म्हणजे जगभरचे लोक ज्यासाठी पाणी गरम करत बसतात ते आपल्याला मे महिन्यात नळालाच मिळतं, कधी कधी थोडं थंडच करावं लागतं.

पैशाचं पटकन सांगतो. ३६ चा रंगीत रोल आज हजार रुपयांच्या घरात जातो, धुणं आणि स्कॅनिंग वेगळं, त्यात मुंबईसारख्या ठिकाणी कुरिअर करणार असाल तर तो खर्च आणि वाट बघणं. एका फोटोला चाळीस-पन्नास रुपये धरा, म्हणजे एक क्लिक म्हणजे एक प्लेट तर्री पोहे. हाफ फ्रेम, म्हणजे एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो बसवणारा, कॅमेरा घेतला तर ३६ चे ७२ होतात, ऑलिम्पसने १९५९ मध्ये पेन नावाने काढला होता तसला, आणि पेंटॅक्सने २०२४ मध्ये १७ नावाचा नवा कोरा फिल्म कॅमेरा काढला तोही हाफ फ्रेमच. खर्च निम्मा होतो हे खरं आहे. रोज काढायचं म्हटलं तर तरीही तो खर्चच आहे, विद्यार्थ्याने हा भार उगाच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मी स्वतः के१००० अजून का ठेवला आहे? माणसांसाठी. डिजिटलने फोटो काढला की समोरचा माणूस लगेच म्हणतो, दाखव ना. आणि दाखवला की फोटो त्याचा राहत नाही, तो दुरुस्ती मागतो, थांब केस नीट करतो, पुन्हा काढ, आणि पुन्हा काढलेल्या फोटोत तो फोटोसाठी बसलेला असतो. फिल्मवर दाखवायला काही नाहीच. एकदा शटर वाजलं की माणूस परत आपल्या कामाला लागतो. कॉटन मार्केटमध्ये एका भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला होता, त्यांनी विचारलं, "कुठं हाय फोटो?" म्हटलं, धुवून आणतो. त्या हसल्या आणि भेंडी तोलायला लागल्या, आणि खरा फोटो मला नंतरच्या त्या अर्ध्या मिनिटात मिळाला. प्रिंट घेऊन परत गेलो तेव्हा त्यांनी ती आधी शेजारच्या गाड्यावाल्याला दाखवली, मग पिशवीत घातली, आणि मला बळेच कोथिंबीर दिली. प्रिंट नेऊन देणं डिजिटलवर पण होतं, मान्य आहे, पण स्क्रीनवर दाखवून झाल्यावर ते आपल्या हातून होत नाही. मला तरी अनुभव असाच आहे.

तर रोजच्यासाठी मी काय सांगतो? छोटा डिजिटल कॅमेरा घ्या, सेकंडहँड चालेल, खिशात किंवा ऑफिसच्या बॅगेत राहील असा. फोनही चालतो, पण फोनवर फोटो काढल्यानंतर त्याच हातात मेसेज येतात आणि फोटो काढायचा राहून माणूस दुसरीकडेच जातो, म्हणून वेगळा कॅमेरा मला बरा वाटतो. मागची स्क्रीन शक्यतो बंद ठेवायची, सेटिंगमध्ये फोटो काढल्यावर दिसणारा रिव्ह्यू ऑफ करता येतो. कार्डावरून काहीही डिलीट करायचं नाही, निदान वर्षभर तरी, अगदी हललेला फोटोसुद्धा. जागा आता स्वस्त आहे, घाई महाग पडते. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी ठेवायची, कारण डिजिटल फाइल निगेटिव्हसारखी कपाटात विसरून चालत नाही, डिस्क कधीतरी बसतेच.

आणि दर महिन्याच्या शेवटी, हे मात्र कराच, दोन-तीन फोटो रोल संपवायचा आहे असं समजून काढायचे. घरात फिरायचं आणि जे रोज दिसतं म्हणून दिसत नाही ते काढायचं. चपलांचा रॅक. गॅस. बाबा ज्या खुर्चीत बसतात ती, त्यांच्यासकट. मेट्रोच्या खांबामुळे गॅलरीतून आता जेवढं आभाळ दिसतं तेवढं.

वर्षातून एकदा त्यातले शंभर-एक फोटो निवडून प्रिंट करायचे, ४ बाय ६ मध्ये, घरच्या प्रिंटरवर नको, लॅबमध्ये. अनेकांना हे माहीत नसतं की चांगल्या लॅबच्या मशीनमध्ये डिजिटल फोटोही लेसरने खऱ्या फोटोपेपरवर उतरतो आणि मग रसायनात धुतला जातो, तोच सिल्व्हरचा कागद ज्याच्यावर आपल्या मुंजीचे फोटो आहेत. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर दोन्ही रस्ते एकाच ट्रेमध्ये येऊन मिळतात.

राहिली घरातली जुनी निगेटिव्हज. स्टुडिओच्या पिवळट पाकिटांत असतील, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, आणि प्रिंट आहेत ना म्हणून ती कोणी बघत नाही. पण तेव्हा पैसे वाचवायला खराब फोटोंच्या प्रिंट काढलेल्याच नसायच्या, स्टुडिओवाला स्वतःच पट्टी बघून सोडून द्यायचा. त्यामुळे रोल संपवायच्या फोटोंपैकी कितीतरी फक्त निगेटिव्हवरच आहेत, घरातल्या कोणीही कधीच बघितलेले नाहीत. टॅबची किंवा लॅपटॉपची स्क्रीन पांढरी करून ब्राइटनेस पूर्ण वाढवा, पट्टी स्क्रीनला चिकटवू नका, थोडी वर धरा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात, वरून मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळून काढायच्या सेटिंगवर, फोटो घ्या आणि कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये रंग उलटे करा. पट्टी कडेने धरा, बोटं मधे लावू नका. आधी शेवटची पट्टी घ्या, ३० च्या पुढचे आकडे असलेली. आणि पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती पट्टी बाकीच्यांपासून आजच वेगळी करा, फिल्मचा ॲसिटेट सडायला लागला की तो वास येतो आणि शेजारच्या पट्ट्यांनाही ते लागतं, म्हणून स्कॅनिंगही तिचंच सगळ्यात आधी.